कंपनीची शाश्वत विकासातली प्रगती कशी मोजतात?

चौकट कशाची? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली, मुदत २०३०. ती मुळात देशांसाठी असल्याने कंपनीला ती मोजता येतील अशा निर्देशकांत उतरवावी लागतात. भारतात त्यासाठी भांडवली बाजाराची नियामक ‘सेबी’ने ठरवलेला ‘बीआरएसआर’ (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल आहे. त्यात ९ तत्त्वे आहेत. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे.

काय मोजतात?
- पाणी: किलोलिटरमध्ये, स्रोतानुसार.
- कामाचा वेळ बुडवणाऱ्या दुखापती: दर १० लाख मनुष्यतासांमागे.
- उत्सर्जन: स्कोप १ – स्वतःचे बॉयलर, वाहने, स्कोप २ – विकतची वीज, स्कोप ३ – पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतची साखळी.

एकूण वापर की प्रमाण? धंदा वाढला की वापरही वाढतो, म्हणून उलाढालीच्या रुपयामागचे प्रमाणच पाहावे, हा आक्षेप रास्त आहे. पण तेवढ्याने भागत नाही. उलाढाल दुप्पट आणि पाणी दीडपट झाले, तर प्रमाण २५ टक्क्यांनी घटते, प्रत्यक्ष उपसा मात्र ५० टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणूनच अहवालात दोन्ही आकडे, मागच्या वर्षाच्या आकड्यांसह, द्यावे लागतात.