पत्ता एकदाच बदलावा म्हणून

पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी काही महिने जाऊन बसत होते. काम होतं वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडून देण्याचं. एके दिवशी काउंटरवर एक काका तावातावाने आले. सदाशिव पेठेतलं घर सोडून कोथरूडला जाऊन त्यांना वर्ष झालं होतं. पत्ता बदलल्याचा अर्ज त्यांनी तेव्हाच भरला होता, त्याची पोचही खिशात होती. पण लॉकरच्या भाड्याची नोटीस जुन्या घरी गेली आणि वर दंड लागला. "काका, पत्ता बदललाय की, हे बघा," म्हणत क्लार्कबाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

बाई खोटं बोलत नव्हत्या. ठेवींच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता खरोखरच बदललेला होता. लॉकरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, कर्जाचं तिसऱ्या, एसएमएस पाठवणारं चौथ्या. प्रत्येकाच्या पोटात ग्राहकांची स्वतंत्र यादी. डे-एंड झाल्यावर रात्री एक फाईल इकडून तिकडे जायची, आणि लॉकरकडे जाणाऱ्या फाईलमध्ये पत्त्याचा रकाना कुणी ठेवलेलाच नव्हता.

सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजे एसओए, हा या दुखण्यावरचा इलाज. 'ग्राहक' हा विषय एकाच ठिकाणी, एका 'सर्व्हिस'मध्ये सांभाळायचा, बाकीच्यांनी पत्ता लागेल तेव्हा तिथे विचारायचा. विचारण्याची पद्धत ठरलेली, उत्तराचा साचा ठरलेला. आत डेटाबेस कोणता, प्रोग्राम कोणत्या भाषेतला, याच्याशी विचारणाऱ्याला देणंघेणं नाही. उद्या ते आतलं सगळं बदललं तरी लॉकरवाल्याला त्याची खबरही लागू नये. धंद्याचं तंत्रज्ञान लवचीक होतं म्हणतात ते यामुळे. ऐकायला इतकं सोपं आहे, म्हणूनच बहुधा याच्याभोवती समजुतींचं रान माजलं.

"कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं तेवढं सांगा"

बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो. हा गैरसमज तसा विकणाऱ्यांनीच पेरलेला आहे. एसओए हे नाव गार्टनर या सल्लागार संस्थेच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये चलनात आणलं. पुढच्या दशकात सर्व्हिसेसनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणारी सोप, डब्ल्यूएसडीएल अशी प्रमाणं आली, आणि मग मोठ्या कंपन्यांनी 'एंटरप्राइझ सर्व्हिस बस' नावाची वस्तू बाजारात आणली. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलण्यापेक्षा प्रत्येकाने फक्त बसशी बोलावं, अशी ही योजना. हिशोब पटण्यासारखा होता. पाच सॉफ्टवेअरं थेट एकमेकांना जोडायची तर दहा जोडण्या होतात, दहा असतील तर पंचेचाळीस. बस आली की दहाला दहाच.

गाडं अडलं ते पुढे. पत्त्यातला पिनकोड तपासायचा? टाका बसमध्ये. व्याजाचा दर बदलला? तोही नियम बसमध्ये. होता होता धंद्याचे सगळे नियम मधल्या त्या यंत्रणेत जाऊन बसले आणि कुठलाही बदल करायचा तर बस सांभाळणाऱ्या चार जणांच्या दारात रांग लागू लागली. पूर्वी कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. आता सगळे पायपोस एका महागड्या डब्यात बंद झाले. जगभरच्या सर्व्हिसेसची जणू टेलिफोन डिरेक्टरी व्हावी म्हणून आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी यूडीडीआय नावाची सार्वजनिक नोंदवही चालवली होती, तीही २००६ मध्ये त्यांनी बंद केली.

एसओए विकत मिळत नाही. मिळतात ती अवजारं, आणि तीही कुठे वापरायची हे ठरल्यावर उपयोगाची.

"ते जुनं झालं, आता मायक्रोसर्व्हिसेस"

एसओए मेली, असं बर्टन ग्रुपच्या विश्लेषक ॲन थॉमस मेन्स यांनी जानेवारी २००९ मध्येच जाहीर केलं होतं. पण त्यांचा रोख नावावर आणि त्या नावाने झालेल्या खर्चावर होता. सर्व्हिसेस लागणारच, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. सॉफ्टवेअर रचनेचे जाणकार मार्टिन फाउलर आणि जेम्स लुईस यांनी २०१४ मध्ये मायक्रोसर्व्हिसेसची, म्हणजे छोट्या, स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या सर्व्हिसेसची व्यवस्थित मांडणी केली. त्यांच्या मांडणीत मधली वाहिनी मठ्ठ ठेवायची आणि अक्कल टोकाच्या सर्व्हिसेसमध्ये, हा मुद्दा ठळक आहे. बसच्या अनुभवाने पोळल्यानंतरचं ते शहाणपण म्हणायचं. घराणं तेच, पिढी पुढची.

"जितके तुकडे जास्त, तितकी लवचीकता जास्त"

हा मात्र खरोखर महागात पडणारा गैरसमज. एकाच प्रोग्रामच्या आत एका भागाने दुसऱ्याला हाक मारली तर काही नॅनोसेकंद लागतात. तीच हाक नेटवर्कवरून, अगदी त्याच डेटा सेंटरमधल्या शेजारच्या मशीनला मारली तरी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास जातात. फरक सुमारे लाखपट. शिवाय आतली हाक हरवत नाही, नेटवर्कवरची हरवू शकते. 'नेटवर्क भरवशाचं असतं' हा वितरित संगणनातल्या भ्रमांपैकी पहिला भ्रम म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सच्या पीटर डॉइच यांनी १९९४ मध्येच नोंदवून ठेवला होता.

आता हा हिशोब बघा. एखादी सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असते, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ती साधारण ४३ मिनिटं बंद. त्यावर कुणी कुरकुर करणार नाही. पण एक काम पूर्ण व्हायला अशा दहा सर्व्हिसेस एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येकीचा बिघाड वेगळ्या वेळी येत असेल, तर ते काम होण्याची शक्यता ९९ टक्क्यांवर येते. म्हणजे महिन्याला सात तासांहून जास्त वेळ ठप्प! प्रत्येक टीम आपला आलेख दाखवून "आमचं सगळं हिरवं आहे" म्हणते आणि ग्राहक काउंटरवर उभाच.

ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने २०२३ मध्ये आपला अनुभव उघडपणे लिहिला. प्रसारणाच्या दर्जावर नजर ठेवणारं त्यांचं साधन छोट्याछोट्या सुट्या भागांचं होतं आणि व्हिडिओच्या फ्रेम्स एका भागाकडून दुसऱ्याकडे साठवणुकीमार्गे जायच्या. ते भाग त्यांनी एका प्रोसेसमध्ये एकत्र आणले आणि पायाभूत यंत्रणेचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. यावरून लगेच 'सर्व्हिसेस वाईट' म्हणणारेही निघाले, तोही उतावळेपणाच. एकमेकांशी सतत, मोठ्या प्रमाणात बोलणाऱ्या गोष्टी एका छताखाली असाव्यात, एवढाच त्यातून निघणारा बोध. भिंत घालायची ती जिथे बोलणं कमी आणि बदलाची कारणं वेगळी असतात तिथे.

"पैसे कापले, पोचले नाहीत, म्हणजे रचनाच चुकली"

चहाच्या टपरीवर वीस रुपये स्कॅन केले, आपल्या खात्यातून गेले आणि टपरीवाल्याचा डबा काही बोलला नाही. असा अनुभव नसलेला माणूस आता विरळा. या एका क्षणात सर्व्हिसेसच्या रचनेतला सगळ्यात अवघड प्रश्न दडलेला आहे.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयला कुणी 'एसओए' म्हणत नाही, पण स्वभाव तोच. आपलं ॲप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेला विनंती पाठवतं. एनपीसीआय समोरच्याचा यूपीआय पत्ता कोणत्या खात्याचा ते विचारून घेते, आपल्या बँकेला 'इतके वजा कर' सांगते, होकार आला की समोरच्या बँकेला 'इतके जमा कर' सांगते. निरोप ठरलेल्या साच्यातल्या एक्सएमएलमध्ये, डिजिटल सहीसह. आधी वजा, मग जमा, हा क्रमही विचारपूर्वक ठेवलेला. उलट केलं आणि वजा करणं फसलं, तर समोरच्याने तोवर पैसे काढूनही घेतले असतील.

एकाच बँकेच्या एकाच डेटाबेसमध्ये हे व्हायचं असतं तर 'दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही' अशी हमी देता आली असती. दोन बँकांचे दोन डेटाबेस, मध्ये नेटवर्क. जमेची विनंती गेली आणि उत्तरच आलं नाही, तर पैसे जमा झाले की नाही हे त्या क्षणी मधल्या कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ॲपवर 'प्रोसेसिंग' दिसतं. सगळ्यांनी सगळ्यांसाठी कुलूप लावून थांबायचं, की पुढे जाऊन चूक निघाली तर उलटी नोंद करायची? संगणकशास्त्रज्ञ हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये 'सागा' नावाने दुसरा मार्ग मांडला: लांब व्यवहाराचे छोटे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याला त्याची भरपाई करणारा उलटा टप्पा आधीच लिहून ठेवायचा.

आपल्याकडे ही भरपाई नियमातही आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडे पाठवलेले पैसे कापले जाऊन जमा झाले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवस. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. म्हणजे टपरीवरचा तो अधांतरी क्षण रचनेत गृहीत धरलेला आहे. चूक कोणती म्हणायची? परत न येणं. किंवा एकच विनंती नेटवर्कमुळे दोनदा पोचली आणि पैसे दोनदा कापले जाणं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर आधीचंच उत्तर द्यायचं असतं. घाईने आपणच दुसऱ्यांदा स्कॅन करतो तेव्हा मात्र क्रमांक नवा असतो, आणि चहा चाळीसला पडतो.

विचारण्या-सांगण्याचा करार पक्का आणि आतलं मोकळं ठेवल्याचा फायदाही इथेच दिसतो. नवं ॲप आलं म्हणून शेकडो बँकांना आपापल्या कोअर बँकिंगमध्ये हात घालावा लागला नाही.

"जुनी सिस्टिम आधी काढून टाकावी लागेल"

नाही. रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण १९८० च्या दशकातलं, आयआरसीटीसीचं संकेतस्थळ २००२ चं. संकेतस्थळासाठी जागांचा वेगळा हिशोब कुणी मांडला नाही. घरबसल्या काढलेलं तिकीट आणि दादरच्या खिडकीवरचं तिकीट एकाच आरक्षण यंत्रणेतून सुटतं, म्हणून तीच बर्थ दोघांना जात नाही. जुन्याच्या दाराशी नवा दुभाषा बसवता येतो. दुभाष्यामुळे जुनं तरुण होत नाही, हे ओळखून असावं.

"हे आयटीवाल्यांचं काम"

ॲमेझॉनमध्ये २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी फर्मान काढलं की कोणत्याही टीमने दुसऱ्या टीमच्या डेटाबेसमध्ये परस्पर डोकावायचं नाही, जे हवं ते सर्व्हिसमार्फत मागायचं. तिथे काम केलेल्या स्टीव्ह येगी यांनी २०११ मध्ये लिहिल्यामुळे हे बाहेर कळलं. फर्मान तांत्रिक वाटतं, पण वाटणी झाली ती अधिकाराची. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशाच आकाराची यंत्रणा ती संस्था घडवते.

आमच्या बँकेत हेच झालं. पत्त्याची सर्व्हिस लिहायला आठ दिवस पुरले. पत्ता कुणाचा, हे ठरायला दोन महिने. केवायसी पाहणारे म्हणाले, कागदपत्रं आम्ही तपासतो, पत्ता आमचा. कर्जवाले म्हणाले, वसुलीला माणूस पाठवायचा तर आम्हाला राहता पत्ता लागतो, आधारवरचा नव्हे. लॉकर काका आणि काकूंच्या संयुक्त नावावर, आणि काकू पाच महिने मुलीकडे नाशिकला. मग नोटीस कुठे? शेवटी 'पत्ता' असा एक रकाना नाहीच, कायमचा, राहता आणि पत्रव्यवहाराचा असे तीन पत्ते आहेत आणि बदलण्याचा अधिकार एकट्या केवायसीचा, यावर सह्या झाल्या. आर्किटेक्चर म्हणून त्या सगळ्या खटाटोपात काही झालं असेल तर ते त्या सह्यांच्या कागदावर.

काकांचा दंड मॅनेजरसाहेबांनी त्याच दिवशी व्हाउचर टाकून परत केला होता.