चिमूटभर भुकटीतून उलगडलेली कुळे

निअँडरथल मानवाच्या हाडांचा अभ्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याच्या डीएनएच्या अभ्यासाचे पहिले फळ हाती आले ते 1997 साली. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतील मजुरांना 1856 साली काही हाडे सापडली आणि त्या खोऱ्यावरूनच या मानवाला नाव मिळाले. पुढे युरोप, पश्चिम आशिया आणि सैबेरियातून अनेक अवशेष मिळत गेले. कवट्यांवरून निअँडरथल दिसत कसे होते ते कळले. दगडी हत्यारे आणि चुलींची राख यांवरून त्यांच्या जगण्याचा अंदाज आला. पण ते एकूण होते किती, एका टोळीत माणसे किती असत, टोळ्यांचे एकमेकींकडे येणे-जाणे होते का आणि आजच्या माणसाशी त्यांचे रक्ताचे नाते आहे का, याविषयी हाडांचे आकार फारसे काही सांगू शकत नव्हते.

जिवंत पेशीत डीएनएची मोडतोड सतत दुरुस्त होत असते. मृत्यूनंतर ही दुरुस्ती थांबते आणि रेणूचे तुकडे पडू लागतात. पन्नास हजार वर्षांनी हाती येणारे बहुतेक तुकडे शंभर अक्षरांहूनही, म्हणजे डीएनएच्या शंभर घटकांहूनही, आखूड असतात. त्यातच मातीतले जिवाणू हाडात शिरलेले असल्यामुळे काढलेल्या डीएनएतला बहुतांश भाग त्यांचाच निघतो. उष्ण, दमट हवेत हा ऱ्हास वेगाने होतो, म्हणून या शास्त्राची मोठी यशे थंड प्रदेशांतल्या गुहांमधून आलेली आहेत. सर्वांत मोठा धोका मात्र संशोधकांच्या हाताचा. हाडाला लागलेला घाम, थुंकीचा कण, त्वचेचा कोंडा यांतला डीएनए निअँडरथलच्या डीएनएशी इतका मिळताजुळता असतो की दोन्ही वेगळे करणे अवघड जाते. यातून वाट काढून दिली ती नुकसानीनेच. काळाच्या ओघात डीएनएतल्या ‘सी’ या अक्षराचे रूप बदलते आणि वाचताना ते ‘टी’ म्हणून उमटते. तुकड्याच्या टोकांशी हा बदल अधिक आढळतो. ही खूण तुकडा खरोखर जुना असल्याचा दाखला ठरते.

पहिले यश मिळाले ते निअँडर खोऱ्यातल्याच मूळ हाडांतून. म्युनिकमध्ये स्वांते पाबो यांच्या गटाने दंडाच्या हाडाचा साडेतीन ग्रॅमचा तुकडा घेऊन त्यातून मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या सूक्ष्म भागाच्या डीएनएची 379 अक्षरे वाचली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या प्रयोगशाळेत ते काम स्वतंत्रपणे पुन्हा करून पाहिले गेले, म्हणून त्यावर विश्वास बसला. या भागात आजच्या कुठल्याही दोन माणसांमध्ये सरासरी 8 अक्षरांचा फरक असतो; निअँडरथल आणि आजचा माणूस यांच्यात तो सरासरी 27 अक्षरांचा निघाला. दोघांत संकर झाला नसावा, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. तो घाईचा होता. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. तो एका मातृवंशाची कथा सांगतो, साऱ्या कुळाची नव्हे.

आईवडील दोघांकडून येणारा, पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. 2006 साली क्रोएशियातील विंदिया गुहेतल्या एकाच हाडावर दोन गटांनी काम केले आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. एका माहितीसंचात आजच्या माणसाचा डीएनए मिसळला होता, असे पुढच्याच वर्षी दाखवून दिले गेले. या चुकीतून पद्धत सुधारली. निर्जंतुक खोलीतच प्रत्येक तुकड्याला ओळखचिठ्ठीसारखी अक्षरे जोडली जाऊ लागली, म्हणजे नंतर बाहेरून आलेला तुकडा लगेच ओळखू येतो. 2010 साली विंदियातल्या तीन हाडांवरून सुमारे 400 कोटी अक्षरांचा निअँडरथल जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनए-संचाचा, पहिला मसुदा लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतून जाहीर झाला. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांच्या जीनोममध्ये 1 ते 4 टक्के वाटा निअँडरथलचा आहे, हे त्यातून दिसले. पुढच्या संशोधनाने हा आकडा सुमारे 2 टक्क्यांवर आणला. पाबो यांना 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या सगळ्या कामासाठी.

संकराची बातमी जगभर गाजली. तरीही या शास्त्राची खरी कमाई निअँडरथल समाजांविषयीच्या माहितीत आहे. सैबेरियातील अल्ताय पर्वतातल्या डेनिसोवा गुहेत सापडलेल्या पायाच्या बोटाच्या एका हाडावरून 2014 साली जीनोममधली प्रत्येक जागा सरासरी पन्नास वेळा वाचली गेली. ते हाड एका स्त्रीचे होते. तिच्या आईवडिलांचे आपसांतले नाते सावत्र भावंडांइतके किंवा मामा-भाचीइतके जवळचे होते. महाराष्ट्रातल्या काही समाजांत मामेबहिणीशी विवाह होतात. त्याहून हे नाते दुपटीने जवळचे. विंदिया गुहेतल्या एका निअँडरथल स्त्रीच्या जीनोममध्ये, जो 2017 साली प्रसिद्ध झाला, इतक्या जवळच्या नात्याची खूण नाही. म्हणजे असे संबंध हा साऱ्या निअँडरथल समाजाचा रिवाज नव्हता. मात्र दोघींच्याही डीएनएत आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या प्रतींमध्ये फरक फारच थोडा आहे, दर 10,000 अक्षरांत सुमारे 1.6 जागांचा. आजच्या कुठल्याही मानवी समाजात तो याहून जास्त असतो. लोकसंख्या हजारो पिढ्या लहान राहिली तरच असे घडते. प्रजननात भाग घेणाऱ्यांची संख्या दीर्घकाळ तीन हजारांच्या आसपास राहिली असावी, असे गणित यावरून मांडले गेले.

एका टोळीचे चित्र आणखी जवळून दिसले ते 2022 साली, अल्तायमधल्याच चागिर्स्काया गुहेत. तिथले अकरा आणि जवळच्या ओक्लाद्निकोव गुहेतले दोन, अशा तेरा निअँडरथल व्यक्तींचा डीएनए एकत्र तपासला गेला. त्यात एक बाप आणि त्याची किशोरवयीन मुलगी सापडली. आणखी एक लहान मुलगा आणि एक प्रौढ स्त्री यांचेही जवळचे नाते निघाले. ती त्याची आत्या, मावशी, आजी यांपैकी कोणीही असू शकते. काही व्यक्तींच्या मायटोकॉन्ड्रियात असे बदल सामाईक होते, जे थोड्याच पिढ्या टिकतात. त्यामुळे ही माणसे साधारण एकाच काळात जगली, हे पक्के झाले. त्यांच्या डीएनएतली एकसारखेपणाची पातळी दहा ते वीस माणसांच्या टोळीशी जुळते. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात विविधता अगदी कमी होती, आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात मात्र बरीच जास्त. याचा सरळ अर्थ असा की पुरुष आपल्याच टोळीत राहत आणि निम्म्याहून जास्त स्त्रिया माहेर सोडून दुसऱ्या टोळीत जात. स्पेनमधील एल सिद्रोन गुहेतल्या बारा व्यक्तींवरून 2011 साली असाच अंदाज बांधला गेला होता, पण तो केवळ मायटोकॉन्ड्रियावर उभा होता. निअँडरथल घराच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा चागिर्स्कायासारखा दुसरा पुरावा आजवर मिळालेला नाही.

माहेर-सासरचा हा दुवा नसेल तर काय होते, हे फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातील मांद्रिन गुहा दाखवते. तिथे 2015 साली सापडलेल्या आणि ‘थोरिन’ असे नाव मिळालेल्या निअँडरथलचा जीनोम 2024 साली जाहीर झाला. तो निअँडरथलांच्या अखेरच्या काळातला, पण त्याचे कुळ युरोपातल्या इतर निअँडरथलांपासून सुमारे पन्नास हजार वर्षे तुटलेले होते. इतक्या अलगपणाची किंमत प्रत्येक पिढीला मोजावी लागते, कारण लहान गटात घातक बदल निवडीने गाळले जात नाहीत, साचत जातात. निअँडरथल का संपले याचे एकच कारण सांगता येत नाही. विखुरलेल्या, चिमुकल्या टोळ्या हे त्यातले दुर्लक्षिता न येणारे कारण आहे.

तरीही ते परक्यांपासून सदैव दूर राहिले असे नाही. डेनिसोवा गुहेतल्या नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीची आई निअँडरथल होती आणि वडील डेनिसोवन या दुसऱ्याच मानवगटातले. ओळखू न येणाऱ्या दोन हजारांहून अधिक हाडांच्या तुकड्यांतून, कोलॅजन प्रथिनाच्या तपासणीने तिचा तुकडा वेगळा काढला गेला. रोमानियातल्या ओआसे गुहेतल्या सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीच्या आधुनिक मानवाचा एक पूर्वज निअँडरथल होता, खापरपणजोबांच्या पिढीतला किंवा त्याच्याही एक-दोन पिढ्या मागचा. आज आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांत जो वाटा उरला आहे, तो ज्या संकरातून आला त्याचा काळ 2024 च्या दोन अभ्यासांनी 50 ते 43 हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान आणून ठेवला. आता हाड नसले तरी गुहेतल्या मातीतूनही डीएनए काढता येतो, त्यामुळे उत्खननात फेकून दिल्या जाणाऱ्या मातीलाही मोल आले आहे.

निअँडरथलांकडून आलेल्या या वारशाचा भारताशी थेट संबंध आहे. कोविडचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे 50,000 अक्षरांचा एक पट्टा निअँडरथलांकडून आलेला आहे, असे 2020 साली दिसून आले. युरोपात तो सुमारे 16 टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत. वय आणि इतर आजार यांचा वाटाही मोठा असतो, हे इथे विसरता कामा नये. भारतात निअँडरथलचे एकही निर्विवाद हाड सापडलेले नाही. मात्र 2,700 हून अधिक भारतीयांच्या जीनोमचा जो अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या लोकांमध्ये विखुरलेले निअँडरथल तुकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा निअँडरथल जीनोमचा सुमारे निम्मा भाग त्यांतून मिळाला.