मिस्सा लुबा : एका अलिखित रचनेचा पाठविचार

अनेक प्रती ताडून मूळ पाठ ठरविणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा व्यासंग. तेव्हां जिची मूळ प्रत कधीं लिहिलीच गेली नाहीं अशा एका रचनेचा परिचय प्रस्तुत लेखांत करून देत आहों. ही रचना म्हणजे आफ्रिकेंतील काँगो देशीं, कटांगा प्रांतांतील कामिना येथें सिद्ध झालेली ‘मिस्सा लुबा’.

मिस्सा हा कॅथॉलिक पंथाचा मुख्य उपासनाविधि. त्यांतील कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस व आञुस देई या पाठांचे शब्द दिवस कोणताही असो, बदलत नाहींत. कीरिए ग्रीक, बाकीचे लॅटिन. शब्द बांधलेले, चाल मात्र मोकळी. म्हणून युरोपांत याच शब्दांवर शतकानुशतकें नवनव्या रचना होत आल्या. ही मोकळीकही अमर्याद नव्हे. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्रानें नगारे, झांजा इत्यादि गोंगाटी वाद्यें मंदिरांत निषिद्ध ठरविलीं. पिआनोदेखील त्यांतून सुटला नाहीं. ज्या लोकांचें सामुदायिक गायन तालवाद्याच्या आधारानेंच चालतें, त्यांस हा निर्बंध किती जाचक झाला असेल हें सांगणें नको. पुढें १९५५ सालीं बाराव्या पायस यांनीं, धर्मप्रसारकांनीं त्या त्या लोकांच्या भाषेंत व परिचित चालींत भक्तिगीतें रूढ करावीं, असें सुचविलें. तथापि भक्तिगीत निराळें आणि प्रत्यक्ष मिस्सा निराळी.

गीदो हाझन हे बेल्जियन फ्रान्सिस्कन साधु १९५३ सालीं काँगोंत आले व कामिना येथील शाळेचे चालक झाले. १९५४ सालीं त्यांनीं सुमारें ४५ मुलगे व १५ शिक्षक मिळून एक गायकवृंद उभारला. त्यास बेल्जियमचे राजे बोदुएँ यांचें नांव दिलें. लुबा लोकांच्या रूढ चालींवर लॅटिन शब्द बसवीत, सर्वांनीं मिळून उत्स्फूर्तपणें गात ही मिस्सा आकारास आली. २३ मार्च १९५८ रोजीं ती कामिना येथें उपासनेंत प्रथम गाइली गेली. त्याच वर्षीं हा वृंद युरोपांत गाऊन आला व ध्वनिमुद्रणही झालें.

चालींची निवड विचार करण्याजोगी आहे. दयेची याचना करणाऱ्या कीरिएस ‘कसाला’ या शोकगीताची धाटणी दिली आहे. सांक्तुसला निरोपाच्या गाण्याचा आधार, त्यांतील होसान्नास कसाई प्रदेशाच्या नृत्याचा ठेका, तर आञुस देईस बेना लुलुआ लोकांच्या गीताची चाल. मुख्य गायक योआखिम ङ्गोई हे त्याच शाळेंतील शिक्षक. ते आरंभ करीत व वृंद उत्तर देई.

येथें भाषेचा एक मुद्दा ध्यानांत घ्यावा. लुबा भाषेंत स्वराच्या चढउतारानें शब्दाचा अर्थ बदलतो. अशा भाषेंतील शब्द परक्या चालीवर गाइले कीं अर्थ बिघडण्याचें भय असतें. लॅटिनला तो धोका नाहीं. शब्द परके व चाल घरची, ही योजना त्यामुळें आम्हांस उलट योजनेपेक्षां अधिक सुखरूप वाटते. आमच्याकडे फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं छापलेल्या क्रिस्तपुराणांत मराठी शब्द व मराठी ओवी अशीं दोन्हीं घरचींच घेतलीं, म्हणून हा प्रश्न तेथें उद्भवलाच नाहीं.

आतां पाठाविषयीं. १९५८ चें मुद्रण ही आद्य प्रत मानावी काय? तें एका वेळच्या गायनाचें चित्र आहे; दुसऱ्या वेळीं ङ्गोई यांनीं स्वर निराळे घेतले असते. १९६९ सालीं छापलेली स्वरलिपि मागाहून तयार झालेली. आमच्या परिभाषेंत ती नक्कल होय. १९९० सालीं केनियांतील मुउंगानो वृंदानें बोनिफेस म्गांगा यांच्या नेतृत्वाखालीं केलेलें मुद्रण ही आणखी एक शाखा. रचना सामान्यतः एकट्या हाझन यांच्या नांवें सांगतात. आमच्या मतें ते संकलक व योजक. कर्तृत्वांत ङ्गोई व त्या मुलांचा वांटा स्वतंत्रपणें नोंदविला पाहिजे. पोथीच्या सूचींत आपण कर्ता, संग्राहक व लेखक वेगळे दाखवितों. येथेंच तो भेद कां पुसावा?

संग्राहकांस एक सूचना : जुनी ध्वनिमुद्रिका हातीं आल्यास तिचें वेष्टन टाकूं नये. कोणती चाल कोठली, ही माहिती त्यावरील टिपणांत असते. या रचनेस दुसरी पुष्पिका नाहीं.