पाख्यावरची पोकळी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या वाटेला लागले म्हणजे 14 व्या किलोमीटरच्या दगडाशी चितेगाव येते. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत पत्त्यात हा दगड आणि हे गाव दोन्ही नमूद असत. त्या उद्योगसमूहाचा ताळेबंद 2018 साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेला, तरी पत्र्याच्या लांबच लांब पाख्यांखाली काम करण्याचा या मुलखाचा शिरस्ता चालूच आहे. अशा पाख्यांवर सौर पॅनेल चढवण्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. मात्र पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये जी वीतभर पोकळी ठेवली जाते, किंवा काटकसरीच्या नावाखाली ठेवली जात नाही, तिच्याकडे पाहणारा विरळा. आणि चाक, मोटार व वंगण यांवाचून चालणारे यंत्र म्हणून परिचय करून द्यावा अशी योग्यता माझ्या मते तिचीच आहे.

पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी सुमारे पंचमांशाची वीज होते. थोडे परावर्तित होते, उरलेल्याची उष्णता. पॅनेलची क्षमता कागदावर मांडताना तापमान 25 अंश धरण्याची रीत असली, तरी उघड्या चौकटीवर, पाठीमागे वारा खेळता असतानाही, भर दुपारच्या उन्हात ते भोवतीच्या हवेपेक्षा तीसएक अंशांनी अधिक तापते. म्हणजे हवा 42 अंशांवर असेल त्या वैशाखात पॅनेल 73 च्या घरात, आणि स्फटिकी सिलिकॉनची वीज दर अंशामागे सुमारे 0.35 टक्का घटते, या हिशेबाने 17 टक्के तोटा आधीच पदरी. पाठ बंद केली, की आणखी पंधरावीस अंश आणि पाच-सात टक्के जातात.

पोकळीचे कार्य यातून सुटकेचे आहे. तिच्यातील हवा तापते, विरळ होते, पाख्याच्या उताराने आढ्याकडे चढते, आणि तिची जागा घ्यायला वळचणीकडून थंड हवा आत येते. उष्णता दुप्पट झाली तर प्रवाह सुमारे सव्वापट होतो, म्हणजे गरज वाढेल तसे हे यंत्र आपणहून वेग घेते, पण गरजेच्या मानाने कमीच. त्याचे बळ किती, हे मांडून पाहिले म्हणजे विस्मय वाटतो: हवा दहा अंशांनी अधिक तापली आणि पाच मीटर उभी चढली, तर जो दाब उत्पन्न होतो तो मेजावर पसरलेल्या छपाईच्या कागदाच्या दोन तावांच्या वजनाएवढा. उभ्या भिंतीला एवढे तरी लाभते. वीस मीटर लांबीच्या, दहास एक अशा सौम्य उताराच्या पाख्यावर चढण अवघी दोन मीटर, आणि बळ एका तावाहूनही कमी. म्हणूनच कबुतरांना अटकाव करणारी बारीक जाळी, आढ्याशी पुढे आलेली पत्र्याची टोपी, वळचणीत साचलेला पाचोळा, या मामुली गोष्टी येथे शत्रू ठरतात. वारा सुटला तर तो या बळाला सहज मागे टाकतो, कधी साह्य करून, कधी उलट दिशेने येऊन. पण वैशाखातल्या ज्या निवांत दुपारी पान हलत नाही, त्या दुपारी आसरा एवढाच.

खोली किती असावी, यावर ब्रिटनमध्ये बरेच गणित झाले आहे. कार्डिफचे ब्रिंकवर्थ आणि त्यांचे सहकारी सँडबर्ग यांच्या मते पोकळीची लांबी तिच्या खोलीच्या सुमारे चाळीसपट असावी. तीन मीटरच्या पॅनेलरांगेला साडेसात सेंटिमीटर, हे समजण्यासारखे आहे. पण वीस मीटरच्या पाख्याला हाच नियम लावला तर अर्धा मीटर खोली लागेल, आणि लोखंडाचा खर्चवेच पाहून कोणताही मालक हात आखडील. शहाणपणाची तजवीज अशी, की पाखा तुकड्यांत तोडावा आणि रांगांमध्ये हवेला बाहेर पडण्यास फटी ठेवाव्यात. पॅनेलच पत्र्याच्या जागी छप्पर म्हणून बसवायचे असेल तर प्रश्न अधिक बिकट, कारण तेव्हा त्याची पाठ थेट कामगारांच्या डोक्यावर येते, आणि खाली दुसरा थर घालून पोकळी मुद्दाम निर्माण करावी लागते.

ही विद्या पुस्तकी म्हणावी तर माळवदाच्या घराला साणे, म्हणजे छतातले झरोके, ठेवणाऱ्या मराठवाड्यातल्या गवंड्याला ती हातानेच ठाऊक होती. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी 1881 साली काच आणि काळी भिंत यांमधील तापत्या हवेवर स्वामित्वहक्क मिळवला. फ्रान्समध्ये फेलिक्स ट्रोंब यांनी 1967 च्या सुमारास ओदेयो येथे ती भिंत घराला लावली. पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्पेनमधील मातारोच्या ग्रंथालयाने काळ्या भिंतीच्या जागी सौर पॅनेल आणले आणि मागची ऊन हवा हिवाळ्यात इमारतीच्या उपयोगास लावली. आपल्याकडे नवी मुंबईतील एका डेटा सेंटरच्या चारही भिंतींवर मिळून 863 किलोवॅटची पॅनेले उभी आहेत.

भिंत उंच होत गेली, की बळ वाढते आणि एक वेगळीच चिंता उत्पन्न होते. जी पोकळी उष्णता वर नेते तीच ज्वालाही वर नेते. म्हणून अग्निशमनाचा जाणकार मजल्यामजल्याला आडवा अडसर मागतो, पॅनेलचा अभियंता तीच जागा मोकळी मागतो, आणि आग लागल्यावर आपोआप फुगून फट बुजवणाऱ्या पट्ट्यांवर तूर्त दोघांचा समेट होतो.