स्वस्त गोळी दुकानदार का ठेवत नाही?

वस्तीत बीपी-शुगर तपासायला बसलो की आम्ही आधी गोळ्यांची पट्टी मागतो. पुष्कळदा पंधरा दिवसांची पट्टी महिनाभर पुरवलेली असते. "सिस्टर, रोजची गोळी कुठली परवडते?" जेनेरिक का घेत नाही, विचारले तर उत्तर येते, "मेडिकलवाला ठेवत नाही." तो का ठेवत नाही, याचा हिशेब आपल्याला कळला पाहिजे.

दुकानदाराची कमाई टक्क्यांत असते. सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर त्याला साधारण १६ टक्के सुटतात, इतर औषधांवर २० टक्के. समजा, पट्टी १०० रुपयांची आहे. २० टक्क्यांनी त्याला २० रुपये मिळाले. तेच औषध २० रुपयांत विकले तर मिळाले फक्त ४. दुकानभाडे, वीज, फार्मासिस्टचा पगार मात्र तेवढाच. म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी पाचपट पट्ट्या खपल्या पाहिजेत.

बीपी-शुगरची औषधे रोज लागतात, त्यामुळे चिठ्ठ्या वाढत आहेत. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची केंद्रे अशाच जास्त खपावर चालतात. पण प्रत्येक चिठ्ठी वाचणे, औषध काढणे, बिल करणे हे काम वाढतेच. म्हणून गर्दी दिसली तरी नफा त्या प्रमाणात वाढेलच असे नाही.

आणखी एक प्रकार आहे. काही जेनेरिक औषधे कंपनी थेट दुकानदाराला स्वस्तात देते, पण पट्टीवर किंमत मोठी छापते. समजा खरेदी २० रुपये, छापील १००. मधले ८० कुणाचे? दुकानदाराने सूट दिली नाही, तर त्याचेच. औषध जेनेरिक, पण फायदा आजाऱ्याला नाही!

म्हणून आपण काय करायचे?

• डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. चिठ्ठीवर कंपनीचेच नाव असेल, तर चिठ्ठीवरच मिळणारे औषध दुकानदाराला परस्पर बदलून देता येत नाही.

• 'जेनेरिक आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. मूळ नाव, मिलिग्रॅम आणि किंमत जनऔषधी केंद्रातल्या पट्टीशी ताडून बघा.

• बिल घ्या.

• परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करू नका, दिवसाआड घेऊ नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

दुकानदारालाही पोट आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण त्याचा हिशेब जुळावा म्हणून आपल्या आईची गोळी चुकता कामा नये.