कंटेनरमध्ये प्रोजेक्ट उघडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या टीममध्ये रुजू झालेल्या प्रोग्रॅमरचे पहिले काही दिवस बहुधा सेटअपमध्येच जातात. पायथनची आवृत्ती जुळत नाही, एखादी लायब्ररी बसत नाही आणि शेजारचा म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये व्हीएस कोडला कंटेनरच्या आत काम करण्याची सोय दिली. २०२२ मध्ये त्यामागचं स्पेसिफिकेशन खुलं झालं आणि ‘डेव्हकंटेनर’ हे कमांड-लाइन टूलही ओपन सोर्स म्हणून आलं. ही सोय प्रत्येक टीमने वापरावी इतकी मोलाची आहे. पण तिच्याबद्दलचे काही गैरसमज महागात पडू शकतात.

गैरसमज १: सगळी करामत ‘डेव्हकंटेनर अप’ या एका कमांडची असते.

वस्तुस्थिती: कमांड फक्त वाचते आणि सांगितलेलं करते. काय करायचं ते लिहिलेलं असतं प्रोजेक्टमधल्या ‘डेव्हकंटेनर डॉट जेसन’ या फाईलमध्ये: इमेज कोणती, पोर्ट कोणते, एडिटरची एक्स्टेन्शन्स कोणती. ‘डेव्हकंटेनर अप’ म्हटलं की टूल ही फाईल वाचतं, इमेज डाउनलोड किंवा बिल्ड करतं, कोडचं फोल्डर आत माउंट करून कंटेनर सुरू करतं आणि मग ‘पोस्ट-क्रिएट-कमांड’मध्ये दिलेलं काम उरकतं. फाईल अर्धवट असेल, तर कंटेनरही अर्धवटच उभा राहणार.

गैरसमज २: ‘अप’ दिलं की एडिटर आपोआप उघडतो.

वस्तुस्थिती: एनपीएमवरून घेतलेलं टूल कंटेनर उभा करतं आणि थांबतं. एडिटर उघडणारी ‘ओपन’ ही कमांड व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमधून इन्स्टॉल केलेल्या टूलमध्ये मिळते. रस्टमध्ये लिहिलेलं ‘व्हीएससीएलआय’ हे स्वतंत्र टूलही हेच काम करतं: फोल्डरमध्ये डेव्ह कंटेनरची फाईल दिसली तर प्रोजेक्ट कंटेनरमध्ये, नाहीतर नेहमीसारखा उघडतं. प्रोजेक्ट कंटेनरमध्ये उघडताना व्हीएस कोडला एक खास पत्ता द्यावा लागतो. त्यात तुमच्या फोल्डरचा पूर्ण पाथ हेक्साडेसिमलमध्ये लिहिलेला असतो. तो हाताने टाइप करण्याची कटकट ही टूल्स वाचवतात.

गैरसमज ३: कंटेनरमध्येच तर चालवायचंय, मग अनोळखी कोडची भीती कशाला?

वस्तुस्थिती: सगळ्यात धोकादायक समज हाच. ‘डेव्हकंटेनर डॉट जेसन’मध्ये ‘इनिशियलाइझ-कमांड’ नावाची एक नोंद असू शकते. तिच्यातली कमांड कंटेनरमध्ये चालत नाही, थेट तुमच्या मशीनवर चालते आणि तीही कंटेनर तयार होण्याआधी. एडिटर निदान ‘या फोल्डरवर तुमचा विश्वास आहे का’ असं विचारतो. टर्मिनलमधून ‘अप’ दिलं की तेवढीही विचारणा होत नाही. शिवाय माउंट केलेलं फोल्डर दोन्हीकडे एकच असतं. आतून एखादी फाईल डिलीट झाली, की ती बाहेरूनही गेली. म्हणून अनोळखी रिपॉझिटरी क्लोन केल्यावर आधी ही फाईल वाचा, मगच कमांड द्या.

गैरसमज ४: कंटेनर काढून टाकला की काम गेलं.

वस्तुस्थिती: माउंट केलेला कोड तुमच्या डिस्कवरच असतो, त्यामुळे कमिट न केलेले बदलही शाबूत राहतात. जातं ते वेगळंच. टर्मिनलमधून घाईघाईत ‘ॲप्ट इन्स्टॉल’ने टाकलेलं पॅकेज, होम डिरेक्टरीतली सेटिंग्ज, शेलची हिस्टरी हे सगळं रीबिल्ड होताच पुसलं जातं. जे पॅकेज रोज लागतं ते डॉकरफाईलमध्ये लिहा. जो डेटा टिकायला हवा, त्याच्यासाठी व्हॉल्यूम ठेवा.

गैरसमज ५: फाईल एकच, म्हणजे सगळ्यांचं एन्व्हायर्नमेंट कायम तंतोतंत सारखं.

वस्तुस्थिती: इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग दिला असेल, तर जानेवारीत बिल्ड करणाऱ्याला एक आणि जूनमध्ये बिल्ड करणाऱ्याला दुसरीच आवृत्ती मिळू शकते. नव्या मॅकवर एआरएम प्रोसेसर असतो, ऑफिसच्या सर्व्हरवर बहुधा इंटेल किंवा एएमडी. तिथेही फरक पडतो. आवृत्ती नेमकी लिहिली आणि लॉकफाईल कमिट केली, तरच सारखेपणा टिकतो.

गैरसमज ६: कंटेनर म्हणजे काम संथच होणार.

वस्तुस्थिती: लिनक्सवर कंटेनर यजमान मशीनचाच कर्नल वापरतो, त्यामुळे फरक नगण्य असतो. मॅक आणि विंडोजवर मात्र मध्ये एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन असतं आणि माउंट केलेल्या हजारो छोट्या फाईल्स वाचताना वेळ जातो. विंडोजवर कोड डब्ल्यूएसएलच्या फाईल सिस्टिममध्ये ठेवला, की वेग बराच सुधारतो.

गैरसमज ७: हे सगळं व्हीएस कोडपुरतंच आहे.

वस्तुस्थिती: स्पेसिफिकेशन खुलं आहे. गिटहब कोडस्पेसेस हीच फाईल वाचतं, जेटब्रेन्सचे एडिटर तिला सपोर्ट करतात, आणि एनपीएमवरचं टूल एडिटरशिवाय सीआय सर्व्हरवरही चालतं. म्हणजे ज्या कंटेनरमध्ये कोड लिहिला, त्याच व्याख्येवर टेस्टही चालवता येतात.

तेव्हा या फाईलला कोडइतकाच मान द्या. तिच्यातल्या प्रत्येक बदलाचा रिव्ह्यू करा आणि अधूनमधून कंटेनर मुद्दाम काढून टाकून पहिल्यापासून बिल्ड करून पाहा. असं रीबिल्ड विनातक्रार पार पडलं, तर नव्याने रुजू होणारी मुलगी पहिल्याच दिवशी खऱ्या कामाला लागेल.