चेलोला जागा देणारा पियानो

१९३० साली चेलोवादक मोरीस मारेशाल आणि पियानोवादक रोबेर काझादेसू यांनी क्लोद देब्युसीची चेलो-पियानो सोनाटा कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केली. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांची. खरखर आहे, पियानोचा खर्ज पुसट आहे, दोन्ही वाद्यं जरा लांबून ऐकू येतात. या सोनाटेची पुढे कितीतरी मुद्रणं झाली आणि त्यांतली बरीचशी हिच्यापेक्षा स्वच्छ आहेत. तरीही फ्रेंच चेलो-सोनाटा ऐकायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं तर मी याच तबकडीचं नाव सांगेन. आणि ऐकताना कान पियानोवर ठेवा, असंही सांगेन. चेलोकडे लक्ष आपोआप जातंच.

चेलो आणि पियानो ही जोडी दिसते तितकी सोयीची नाही. व्हायोलिन वरच्या सप्तकात निसटून जाऊ शकतं. चेलोचा जीव मात्र पुरुषी आवाजाच्या पट्टीत, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांच्या नेमक्या मधल्या भागात असतो. पियानोवादकाचे दोन्ही हात सहज जिथे पडतात, तीच ही जागा. लोखंडी चौकट असलेला, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा आधुनिक पियानो तिथे भरघोस स्वरसंघात (कॉर्ड) वाजवू लागला की चार तारांचं हे वाद्य बुडून जातं. त्यात दोघांचा स्वभावही उलटा. गजानं धरलेला सूर लांबवता येतो, फुलवता येतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून मावळू लागतो, म्हणून पियानो पुन्हा पुन्हा आघात करत राहतो आणि जागा भरत राहतो. पेटीची चांगली साथ करणारा गायकाच्या आलापाच्या वेळी हात आखडता घेतो आणि श्वासाच्या जागी हलकेच पुढे येतो. तसा विवेक इथे लागतो, फक्त तो आधी स्वरलिपीतच लिहावा लागतो.

हा प्रकार मुळात जर्मन परंपरेनं घडवला. बेटोफनच्या चेलोसाठी पाच सोनाटा आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन १७९६ साली बर्लिनच्या दरबारासाठी लिहिलेल्या, आणि तिथला नावाजलेला चेलोवादक द्यूपोर हा फ्रेंच होता, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. ब्राम्सनं दोन लिहिल्या. पहिली ज्याला अर्पण केली त्या योझेफ गेन्सबाखरची गोष्ट प्रसिद्ध आहे. ब्राम्स पियानो इतका जोरात वाजवत होता की गेन्सबाखरनं तक्रार केली, मला माझंच वाद्य ऐकू येत नाही. ते तुझं नशीब, असं ब्राम्सनं उत्तर दिल्याचं सांगतात. गोष्ट शब्दशः खरी असो-नसो, त्या सोनाटांतला पियानो बरोबरीनं झुंजणारा आहे, हे कुठल्याही मुद्रणात कळतं. त्या झुंजीतही मोठेपण आहेच.

देब्युसीला ती झुंज नको होती. त्याच्या सोनाटेसोबत पियानोवादकासाठी स्पष्ट ताकीद आहे: चेलोशी लढायचं नाही, त्याला साथ द्यायची, हे कधीही विसरू नये.

सोनाटा लिहिली गेली १९१५च्या उन्हाळ्यात. महायुद्धाला वर्ष होत आलं होतं. युद्ध सुरू झाल्यापासून देब्युसीच्या हातून फारसं काही लिहून झालं नव्हतं. मार्चमध्ये आई गेली होती. जर्मनीहून येणाऱ्या स्वरलिपींची वाट बंद झाली म्हणून द्युराँ या प्रकाशकानं त्याच्याकडे शोपँच्या रचनांचं संपादन सोपवलं होतं, ते तो करत होता. जुलैत तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दिएपजवळच्या पूरव्हिल गावी राहायला गेला आणि तिथे त्याची लेखणी सुटली. ऑक्टोबरपर्यंतच्या त्या मुक्कामात पियानोसाठीचे बारा ‘एत्यूद’, चेलोची सोनाटा, बासरी-व्हायोला-हार्पची सोनाटा असं सगळं हातावेगळं झालं. चेलोची सोनाटा तर काही आठवड्यांत, ऑगस्टच्या सुरुवातीलाच पूर्ण झाली. बेत सहा सोनाटांचा होता. छापील मुखपृष्ठ अठराव्या शतकातल्या फ्रेंच पुस्तकांच्या धाटणीचं केलं आणि स्वतःच्या नावाखाली ‘फ्रेंच संगीतकार’ अशी ओळ घातली. डिसेंबरात त्याच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. सहांपैकी तीनच सोनाटा झाल्या, आणि २५ मार्च १९१८ रोजी, पॅरिसवर जर्मन तोफांचा मारा चालू असताना, तो गेला.

‘फ्रेंच संगीतकार’ ही ओळ वाचून युद्धज्वराची कल्पना येते. संगीतात मात्र नगारे नाहीत. पहिला भाग, ‘प्रोलोग’, पियानो एकटा उघडतो, जुन्या फ्रेंच दरबारी संगीताच्या ठसक्यानं, आणि चेलो आल्याबरोबर बाजूला होतो. पुढचा बराच वेळ पियानोवादकाच्या हातांत फार थोडे स्वर आहेत. मधेच चेलो खर्जात एक आकृती पुन्हा पुन्हा घोळवत तापत जातो, तिथेही पियानो अंगावर येत नाही. दुसऱ्या भागात, ‘सेरेनाद’मध्ये, चेलोवादक बराच वेळ गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतो. गिटार वाजावी तसे, कधी घसरत जाणारे, कधी अर्ध्यावर तुटणारे आवाज. मला या सगळ्या सोनाटेतली सर्वांत मोठी कल्पकता इथे दिसते. चेलोनं सूर लांबवण्याची आपली ताकदच सोडून दिली आहे, त्याचाही सूर आता पियानोसारखा उमटून मावळतो, आणि पियानोही कोरडे, तुटक स्वर टाकत त्याच्या पातळीवर उतरतो. दोन वाद्यांमधला जन्मजात फरक काही क्षण मिटतो. तिथून न थांबता तिसरा भाग सुरू होतो, हलका, अस्वस्थ, स्पॅनिश झाक असलेला. अखेरीस चेलो एकट्यानं पहिल्या भागाची आठवण काढतो आणि दोन-चार धारदार आघातांत सगळं संपतं. जेमतेम अकरा-बारा मिनिटं.

या सोनाटेवर एक गोष्ट चिकटली आहे: चंद्रावर रुसलेल्या पिएरो विदूषकाची. लुई रोझ्वार नावाच्या चेलोवादकानं हा कथाभाग देब्युसीनंच सांगितला म्हणून पसरवला. देब्युसी त्यावर संतापला होता. तबकड्यांच्या वेष्टनांवर आजही ही गोष्ट छापलेली दिसते. ती खुशाल सोडून द्यावी.

आता मारेशालकडे. दिजाँमध्ये १८९२ साली जन्मलेला हा वादक १९१५ साली आघाडीवर सैनिक होता. त्याच वर्षी नेयेन आणि प्लिक या दोन सुतारकाम जाणणाऱ्या सोबत्यांनी त्याला दारूगोळ्याच्या पेटीच्या फळ्या आणि दाराचं लाकूड वापरून एक चेलो बनवून दिला. खंदकातल्या फ्रेंच शिपायाला जे टोपणनाव होतं तेच या वाद्याला मिळालं: ‘ल प्वाल्यू’. बनवणारे दोघंही युद्धात मारले गेले. आघाडीमागे मारेशाल या चेलोवर चौकडीत वाजवत असे. व्हायोलिनवर ल्युसियाँ द्युरोझ्वार असे, आणि चौकडीत आंद्रे काप्ले होता, जो स्वतः मोठा संगीतकार आणि देब्युसीचा जवळचा मित्र. जनरल मांझँला या चौकडीचं कौतुक होतं. जॉफ्र, फॉश, पेताँ या सेनानींनी पुढे त्या चेलोच्या लाकडावर सह्या केल्या. आज तो पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. पेटीसारखा सरळ कडांचा, ओबडधोबड.

देब्युसी समुद्रकाठी ही सोनाटा लिहीत होता त्या काळात हा माणूस गोळ्यांच्या पेटीचा चेलो वाजवत होता, आणि १५ वर्षांनी त्यानं ती मुद्रित केली. या योगायोगाला मी किंमत देते ती भावुकपणानं नाही. मारेशालचा सूर सडपातळ आहे, कंप जलद आणि बारीक, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मोकळेपणानं मींड घेणारा. गोड, गुबगुबीत आवाज काढायचा त्याचा हट्टच नाही. ‘सेरेनाद’मधले छेडलेले स्वर तो कुरकुरीत, जवळजवळ बोलल्यासारखे काढतो. काझादेसू त्याच्या भोवती पाण्यासारखा स्वच्छ. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला साधारण चार मिनिटं मावत, आणि देब्युसीचा प्रत्येक भाग जवळपास तेवढाच. म्हणून या सोनाटेला त्या काळच्या तबकडीनं फारसं छळलं नाही, लांबलचक जर्मन सोनाटांना जसं जागोजाग तोडावं लागे तसं इथे झालं नाही. बाजू सुरू झाली की संपेपर्यंत थांबायचं नाही, नंतर जोडकाम करायचं नाही, आणि दोघांमधला तोल सगळा मायक्रोफोनसमोर हातांनीच सांभाळायचा.

हाच मुद्दा आजच्या मुद्रणांबद्दल मला अस्वस्थ करतो. चेलोजवळ एक मायक्रोफोन, पियानोजवळ दुसरा, मग नियंत्रणकक्षात दोघांची पातळी हवी तशी जुळवता येते. पियानोवादकानं कितीही जोर केला तरी चेलो वर आणता येतो. ऐकायला सगळं नीट असतं, पण नीट कान दिला की कळतं: पियानो हळू वाजत नाहीये, त्याला फक्त दूर ठेवलंय. हातोडीच्या आघाताची जात बदलत नाही, आवाज तेवढा कमी होतो. ज्यॉं-गिएन केरास आणि अलेक्झांद्र तारो यांचं २००८ सालचं देब्युसी-पुलँक मुद्रण मला आवडतं ते याच कारणानं की तिथे तारोचा स्पर्शच बदलतो. मायक्रोफोन काढून घेतला तरी ही साथ टिकेल, असा विश्वास वाटतो.

गाब्रिएल फोरेच्या दोन चेलो-सोनाटा या प्रकारात थोड्या दुर्लक्षित राहतात, आणि ते मला पटत नाही. पहिली १९१७ची, दुसरी १९२१ची. फोरेनं वयाची सत्तरी ओलांडली होती, पॅरिसच्या कॉन्झर्व्हातुआरचा तो १९०५ ते १९२० संचालक होता, आणि त्याची श्रवणशक्ती विचित्र रीतीनं बिघडली होती. निव्वळ ऐकू न येणं एवढंच नव्हतं. खालचे सूर चढलेले आणि वरचे सूर उतरलेले ऐकू येत. मधला पट्टा तेवढा, क्षीण का होईना, खरा राहिला. त्याच्या उतारवयातलं लेखन त्या मधल्या पट्ट्याकडे झुकतं, आणि चेलोचं घर नेमकं तिथेच. पहिल्या सोनाटेची सुरुवात खडबडीत, तालाच्या उलट अंगानं धक्के देणारी, युद्धकाळाची. फोरेचा धाकटा मुलगा आघाडीवर होता. दुसऱ्या सोनाटेचा मधला भाग नेपोलियनच्या मृत्यूच्या शताब्दीसाठी, मे १९२१मध्ये, लष्करी वाद्यवृंदाकरता लिहिलेल्या शोकगीतातून आला आहे. लष्करी वाद्यवृंदासाठी लिहिलेली ती चाल चेलोवर आली की तिचा सरकारी थाट गळून पडतो. पियानो इथे सम चालीनं स्वरसंघात ठेवत राहतो, बाकी काही नाही. हे धाडस देब्युसीच्या रिकाम्या जागांइतकंच मोठं आहे. पोल तोर्तेलिए आणि ज्यॉं उबो यांच्या मुद्रणात हा भाग ऐकावा.

जाता जाता: देब्युसीनं आपली सोनाटा पत्नी एम्माला अर्पण केली. याच एम्मासाठी, ती एम्मा बार्दाक असताना, फोरेनं १८९०च्या दशकात ‘ला बॉन शाँसाँ’ ही गीतमाला लिहिली होती. पॅरिसचं संगीतविश्व इतकं लहान होतं.

फ्रेंच तबकड्यांवर सेझार फ्रांकची सोनाटाही हमखास असते. ती मुळात व्हायोलिनची, १८८६ची. चेलोसाठी झ्यूल देल्सारनं केली, तेव्हा पियानोचा भाग होता तसाच ठेवला. परिणाम व्हायचा तोच होतो. चेलो खाली सरकला, पियानो मात्र जागचा हलला नाही, आणि भल्याभल्या चेलोवादकांना घाम फुटतो. रचना थोर आहे, पण ती व्हायोलिनवरच ऐकावी असं माझं मत.

पुलँकची सोनाटा १९४०मध्ये आराखड्याच्या रूपात सुरू झाली आणि १९४८मध्ये पूर्ण झाली. पुलँकचा हात मानवी आवाजावर आणि फुंकवाद्यांवर बसलेला, तंतुवाद्यांवर नाही. म्हणून चेलोच्या तांत्रिक बाजूसाठी त्यानं प्येर फुर्नियेची मदत घेतली आणि दोघांनी मिळून ती १८ मे १९४९ रोजी पॅरिसच्या साल गाव्होमध्ये प्रथम वाजवली. कडेच्या भागांत पियानो जरा जास्तच गर्दी करतो, असं मला वाटतं. ‘काव्हातीन’ हा दुसरा भाग मात्र निर्मळ आहे, आणि फुर्नियेनं पुढे झाक फेव्हरिएसोबत केलेल्या मुद्रणात तो गाण्यासारखा चालतो. फेव्हरिए हा पुलँकचा लहानपणापासूनचा मित्र. १९३२मध्ये व्हेनिसला पुलँकच्या दोन पियानोंच्या कॉन्चेर्तोच्या पहिल्या प्रयोगात दोघांनी शेजारी बसून वाजवलं होतं. कुठे गप्प राहायचं हे त्याला ठाऊक असणारच.

ज्याला एकच आधुनिक तबकडी घ्यायची आहे त्यानं स्टीव्हन इसरलिस आणि कॉनी शी यांची २०१७ची ‘द चेलो इन वॉरटाइम’ घ्यावी. देब्युसी आणि फोरेची पहिली सोनाटा तिच्यात आहेत. शिवाय हॅरल्ड ट्रिग्ज या इंग्रज सैनिकानं आघाडीवर नेलेल्या, पेटीच्या आकाराच्या चेलोवर वाजवलेल्या काही छोट्या चिजा आहेत. त्या आवाजात भरीवपणा नाही, घुमारा नाही. तिथे कॉनी शी पियानो कसा वाजवते ते ऐकावं आणि मग त्याच तबकडीवरचा फोरे पुन्हा लावावा.